भरपूर पाणी सोडलं की झालं?

पत्राचा सारांश: सासरे दीर्घ आजारपणानंतर गेले. आता त्यांच्या खोलीची आवराआवर सुरू आहे. कपाटातून आणि माळ्यावरून बरंच काही निघालं. उरलेल्या गोळ्या, पातळ औषधं, दुखण्यावर चिकटवायच्या पट्ट्या, पाऱ्याचा जुना थर्मामीटर, रंगाचे अर्धवट डबे, थिनर, प्लास्टरची पिशवी, फरशी साफ करायच्या अ‍ॅसिडच्या बाटल्या. दीर म्हणतात, "सगळं कमोडमध्ये नाहीतर मोरीत ओतू, वरून भरपूर पाणी सोडू, विषय संपला." मी नको म्हटलं, पण का नको ते मला नीट सांगता आलं नाही. तेव्हापासून पिशव्या बाल्कनीत पडून आहेत. सासूबाईंना त्या डोळ्यांसमोर नकोत. मीच उगाच घोळ घातला, असं त्या म्हणतात. त्यात आता स्वयंपाकघरातलं सिंक तुंबायला लागलंय आणि खालच्या मजल्यावर मोरीतून उलटं पाणी येतं म्हणून ते आमच्याकडे बोट दाखवतात. आम्ही तर खरकटं कधीच सिंकमध्ये टाकत नाही, तेलकट भांडीही गरम पाण्याने आणि साबणाने धुतो. मी जास्तच काळजी करतेय का? काय ओतलेलं चालतं आणि काय नाही?

ताई,

नाही, तुम्ही जास्त काळजी करत नाही आहात. अडवलंत ते बरंच केलंत. पण अडवताना सगळ्या वस्तूंचा एकच ढीग झाला आणि तो ढीग बाल्कनीत अडकून पडला. त्यातल्या काही वस्तू खरोखर धोकादायक आहेत, काही आजच्या आज मार्गी लागतील, आणि काहींचा तर पाईपशी संबंधच यायला नको. त्या वेगळ्या केल्या की घरातला अर्धा वाद मिटेल, असं मला वाटतं.

आधी सासूबाईंचं. त्या पिशव्यांमध्ये त्यांच्या नवऱ्याचं आजारपण भरलेलं आहे. बाल्कनीत गेलं की प्रत्येक वेळी तीच पाकिटं आणि पाकिटांवर तेच नाव. त्यांचा सांडपाण्याशी काही वाद नाही, त्यांना ते दिसायला नको आहे. तुम्ही 'ओतायचं नाही' म्हणालात, त्यांनी ऐकलं 'अजून काही दिवस हे असंच राहणार'. म्हणून सगळ्यांत आधी हे सामान नजरेआड करा. औषधं एका झाकणाच्या डब्यात घालून मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. रंग आणि थिनर शेगडी, हीटर, ऊन यांपासून लांब, हवा खेळती असेल अशा जागी ठेवा. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकमेकांशेजारी ठेवू नका. यानंतर प्रत्येक गोष्टीची विल्हेवाट शांतपणे लावता येईल, आणि तसं सासूबाईंना सांगताही येईल.

आता दिरांचं म्हणणं. ते बेफिकीर आहेत म्हणून तसं बोलत नाहीत. आपण सगळे लहानपणापासून हेच पाहत आलो आहोत: ओतलं, पाणी टाकलं, दिसेनासं झालं. पण दिसेनासं होणं म्हणजे नाहीसं होणं नव्हे. पाणी वस्तू पुढे ढकलतं, तेवढंच त्याचं काम. सिंकखालच्या वळणातून उभ्या पाईपात, तिथून चेंबरमध्ये, मग रस्त्याखालच्या गटारात, आणि शहर मोठं असेल तर शेवटी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात. तिथे जाळ्यांवर मोठा कचरा अडतो, टाक्यांमध्ये गाळ खाली बसतो, आणि खरी मेहनत जिवाणू करतात. पाण्यात हवा सोडून जिवाणूंकडून घाण खाऊन घ्यायची ही पद्धत आर्डर्न आणि लॉकेट या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९१४ मध्ये इंग्लंडातल्या मँचेस्टरला मांडली आणि आजही जगभरातली असंख्य केंद्रं तिच्यावरच चालतात. जिवाणूंना खाता येतं ते तिथे संपतं: मलमूत्र, साबणाचं पाणी, अन्नाचे बारीक कण. जे खाता येत नाही ते एकतर गाळात अडकून राहतं, नाहीतर तसंच नदीत किंवा समुद्रात जातं. आणि विषारी असेल तर जिवाणूंनाच मारतं.

म्हणून एखादी गोष्ट ओतायची की नाही हे ठरवताना "जाईल का?" असं विचारून उपयोग नाही. जाणार तर जवळजवळ सगळंच. विचारायचं ते असं: गार झाल्यावर, थांबल्यावर त्याचं काय होईल? आणि पुढे त्याला कोण खाणार? हे दोन प्रश्न तुमच्या ढिगातल्या प्रत्येक वस्तूला लावून बघू.

औषधांपासून सुरुवात करते, कारण "भरपूर पाणी" हा युक्तिवाद सगळ्यांत जास्त तिथेच फसतो. पाणी वाढवलं की औषध पातळ होतं, पण एकूण औषध तेवढंच राहतं. आणि काही औषधांचं काम अतिशय कमी प्रमाणातही चालू राहतं, नव्हे, ती तशीच बनवलेली असतात. कॅनडातल्या एका प्रायोगिक तळ्यात शास्त्रज्ञांनी काही उन्हाळे गर्भनिरोधक गोळ्यांमधलं कृत्रिम संप्रेरक सोडलं. प्रमाण होतं लिटरमागे ५ ते ६ नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक अब्जावा भाग. तेवढ्याने तिथल्या एका जातीच्या लहान माशांमधले नर मादीसारखे होऊ लागले आणि त्या माशांची संख्या जवळजवळ शून्यावर आली. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तुमच्या कपाटातल्या गोळ्या त्या नसतील, पण "इतक्या पाण्यात काय फरक पडणार" या वाक्याला दुसरं उत्तर द्यायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. पाण्यात जाणाऱ्या औषधांचा मोठा भाग आपल्या शरीरातूनच जातो, आणि ते आपण थांबवू शकत नाही. औषध घेणाऱ्याने त्याबद्दल अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. पण अख्ख्या पाकिटातल्या गोळ्या कमोडमध्ये टाकणं ही त्यावरची भर आहे आणि ती सहज टाळता येते.

कसं टाळायचं? काही औषधविक्रेते आणि रुग्णालयं उरलेली औषधं परत घेऊन रीतसर जाळण्यासाठी पाठवतात. तुमच्याकडे अशी सोय आहे का, हे एका फोनवर कळेल. नसेल तर गोळ्या पाकिटातून काढा, कुटू नका, माती किंवा वापरलेली कॉफी पूड अशा कोणाला खावंसं वाटणार नाही अशा गोष्टीत मिसळा, पिशवीत घट्ट बांधा आणि कचऱ्यात द्या. पातळ औषधही असंच, भुसा किंवा माती यांत जिरवून. लेबलावरचं नाव खरवडून टाका. श्वासावाटे घ्यायच्या औषधाचा पंप असेल तर तो विस्तवात जाणार नाही याची काळजी घ्या, त्यात दाबाखालचा वायू असतो. सुया असतील तर जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत भरून, झाकण चिकटपट्टीने बंद करून, कचरा नेणाऱ्यांना सांगून द्या. पिशवीतून आरपार आलेली सुई कचरा उचलणाऱ्याच्या हातात घुसते.

दुखण्यावरच्या पट्ट्यांचं मात्र वेगळं. त्या साध्या मलमाच्या असतील तर प्रश्न नाही. पण दीर्घ आजारात कधीकधी अफूच्या वर्गातल्या फार तीव्र वेदनाशामकाच्या पट्ट्या देतात, उदाहरणार्थ फेंटानिलच्या. वापरून झालेल्या पट्टीतही इतकं औषध उरतं की लहान मुलाने ती तोंडात घातली किंवा अंगाला चिकटवली तर जीव जाऊ शकतो. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने काही मोजक्या औषधांची यादी केली आहे: ती परत देण्याची सोय नसेल तर घरात ठेवण्यापेक्षा फ्लश करा, असं ते स्वतःच सांगतात. म्हणजे मी वर जे सांगितलं त्यालाही अपवाद आहे, आणि तो जिवासाठी आहे. तुमच्याकडच्या पट्ट्या कोणत्या आहेत ते पाकिटावर वाचा, डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारा. तोवर त्या कुलपात ठेवा. इतर सगळं थांबलं तरी चालेल, हे थांबता कामा नये.

थर्मामीटर फुटलेला नसेल तर तसाच, कापडात गुंडाळून, बंद बरणीत ठेवा आणि धोकादायक कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पट जड असतो. तो बेसिनमध्ये सांडला तर वाहून न जाता खालच्या वळणातच बसून राहतो आणि वाफ सोडत राहतो. फुटलाच तर खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, झाडू किंवा व्हॅक्यूम न वापरता जाड कागदाच्या कडेने थेंब गोळा करा आणि बरणीत बंद करा.

रंगाच्या डब्यांवर काय लिहिलंय ते पाहा. पाण्यात मिसळणारा रंग असेल तर काम सोपं आहे. झाकण उघडं ठेवा, रंग जास्त असेल तर त्यात वाळू किंवा भुसा मिसळा, पूर्ण वाळून घट्ट झाला की कचऱ्यात द्या. चांगला असेल तर कोणाला तरी देऊन टाका, रंगवायला एखादी भिंत नेहमीच कोणाकडे तरी असते. प्लास्टरची पिशवीही कोरडीच द्या. प्लास्टर आणि सिमेंट वाळल्यामुळे घट्ट होतात असं आपल्याला वाटतं, पण ती पाण्याशी संयोग पावून घट्ट होतात. म्हणजे पाईपात, पाण्याखालीसुद्धा. त्यांची बादली मोरीत धुणारा माणूस पाईपात दगड तयार करतो, आणि तो नुसतं रसायन ओतून निघत नाही. बहुधा पाईपच कापावा लागतो.

तेलाचा रंग, वॉर्निश, थिनर, टर्पेंटाइन, रॉकेल, पेट्रोल यांचा थेंबही पाईपात नको. इथे मी ठाम आहे. त्यांची वाफ ज्वालाग्राही असते, पाईप हे बंदिस्त भुयार असतं, आणि त्या वाफेला कुठल्या मजल्यावरची ठिणगी मिळेल हे कोणालाच सांगता येत नाही. मेक्सिकोतल्या ग्वादलाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ रोजी, गळक्या वाहिनीतून गटारात झिरपलेल्या पेट्रोलचे एकामागून एक स्फोट झाले, रस्तेच्या रस्ते उखडले गेले आणि दोनशेहून अधिक माणसं मेली. तुमच्या अर्ध्या बाटलीने शहर उडणार नाही, हे खरं. पण गटारात उतरून काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर ती वाफ येऊ शकते. तिथे आधीच कुजणाऱ्या घाणीतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बंद पाडतो, त्यामुळे धोका वाढला तरी माणसाला तो गेल्यासारखा वाटतो. आपण ओतलेल्या प्रत्येक गोष्टीच्या शेवटी असा एखादा माणूस उभा असतो, म्हणून मला या विषयाची इतकी कळकळ आहे. उरलेलं थिनर घट्ट झाकणाच्या मूळ डब्यात ठेवा आणि एखाद्या रंगाऱ्याला द्या, तो ते वापरून संपवेल. गाडीचं जुनं इंजिन ऑइल निघालं तर ते गॅरेजमध्ये द्यायचं. कीटकनाशकं धोकादायक कचऱ्यात.

राहिली अ‍ॅसिडं आणि साफसफाईची द्रावणं. त्यांच्याबद्दल लोकांचा उलटाच समज असतो: ही तर मोरीत ओतायचीच असतात, मग सगळ्या बाटल्या एकदम रिकाम्या केल्या तर काय बिघडलं? बिघडतं ते एकदम ओतल्याने. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो, ब्लीच आणि अमोनियाचं क्लीनर एकत्र आलं की क्लोरामाइन. दोन्ही बंद बाथरूममध्ये फुप्फुसं जाळतात. आणि एक बाटली ओतून थोडं पाणी टाकून लगेच दुसरी ओतली, तरी वळणात पहिलीचा अंश उरलेलाच असतो. उत्तम मार्ग म्हणजे ती ज्या कामासाठी आहेत त्याच कामाला, लेबलावर लिहिलेल्या प्रमाणात, एका वेळी एकच वापरून संपवणं. लेबल नसलेली बाटली असेल तर वास घेऊन ओळखायचा प्रयत्न करू नका, ती सरळ धोकादायक कचऱ्यात द्या.

आता तुमचं सिंक. इथे मला तुमच्याच एका वाक्यावर थांबायचंय: "तेलकट भांडीही गरम पाण्याने आणि साबणाने धुतो." तुम्ही हे निर्दोष असल्याचा पुरावा म्हणून लिहिलंय, आणि तिथेच बहुधा उत्तर आहे. गरम पाण्याने चरबी वितळते, साबण तिचे बारीक थेंब करून पाण्यात तरंगत ठेवतो. पण किती वेळ? पाईपात काही हात गेल्यावर पाणी गार होतं, साबण पातळ होतो आणि थेंब पुन्हा एकत्र येऊन पाईपाच्या आतल्या बाजूला चिकटतात. म्हणजे गरम पाण्याने तेल संपलं नाही, फक्त सिंकच्या तोंडाशी साचण्याऐवजी पुढे, जिथे हात पोहोचत नाही तिथे साचलं. पुढे गटारात ते आणखी घट्ट होतं. चरबीतून सुटणारी आम्लं पाण्यातल्या आणि काँक्रीटमधल्या कॅल्शियमशी मिळून न विरघळणारा साबण बनवतात, आणि तो खरोखर दगडासारखा होतो. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागाखाली असा एक गोळा सापडला: २५० मीटर लांब, १३० टन वजनाचा. तो फोडून काढायला साधारण नऊ आठवडे लागले. त्याचा एक तुकडा पुढे तिथल्या संग्रहालयात ठेवला होता.

त्या गोळ्याला धरून ठेवणारा सांगाडा होता ओल्या पुसण्यांचा, म्हणजे वाइप्सचा. घरात आजारी माणूस असताना त्या भरपूर वापरल्या जातात, म्हणून तुम्हाला मुद्दाम विचारते: त्या काळात त्या कमोडमध्ये जात होत्या का? पाकिटावर 'फ्लश करता येतात' असं लिहिलेलं असलं तरी विचार करा, जी वस्तू पाकिटात कित्येक महिने ओली राहूनही फाटत नाही, ती पाईपात काही मिनिटांत कशी विरघळेल? टॉयलेट पेपरचे धागे आखूड असतात, पाण्यात हलवला की तो सुटतो. वाइप्समध्ये बहुधा प्लास्टिकचे धागे असतात. सॅनिटरी पॅड आणि डायपर यांच्यात तर पाणी शोषून फुगणारी पावडर असते. कापूस, दात साफ करायचा दोरा, केस, कान कोरायच्या काड्या, हे सगळं झाकणाच्या कचरापेटीतलं आहे. कमोडशेजारी अशी पेटी नसेल तर घरातले लोक ऐकणार नाहीत, आणि त्यांचा दोष नसेल. उपदेशाच्या आधी पेटी ठेवा.

तेलासाठी घरात एकच सवय पुरे. भांड्यातलं तेल, तूप, साय, जे काही चिकट असेल ते धुण्याआधी कागदाने पुसून घ्यायचं आणि तो कागद कचऱ्यात टाकायचा. जास्त तेल उरलं तर गार झाल्यावर झाकणाच्या बाटलीत साठवायचं, वापरलेलं तेल गोळा करणारे अनेक ठिकाणी असतात. त्यानंतर भांड्यावर जो तवंग राहतो तो खुशाल साबणाने धुवा, तेवढं चालतं.

खरकट्यामध्ये लोक मोठे तुकडे टाळतात आणि बारीक गोष्टी सोडून देतात. त्रास बारीक गोष्टीच देतात. पिठाचं पाणी पाईपाला खळीसारखं चिकटतं, शिजलेला भात फुगतो, चहाची पूड आणि कॉफीचा चोथा वळणात गाळासारखे बसतात आणि वरची चरबी त्यांना बांधून ठेवते. सिंकवर बारीक जाळी बसवा आणि ती रोज कचऱ्यात झटका. दूध हे वेगळंच प्रकरण आहे. त्याने पाईप तुंबत नाही, पण ते खाण्यासाठी जिवाणूंना प्रचंड प्राणवायू लागतो. घरगुती सांडपाण्याच्या तुलनेत लिटरमागे शेकडो पट. पेला विसळलेलं पाणी ठीक, नासलेल्या दुधाचं पातेलं मातीत जिरवलेलं बरं.

तुमच्यासारखेच इतर वाचकही हे वाचत असतील, म्हणून दोन गोष्टी त्यांच्यासाठी. ज्यांच्या घराला सेप्टिक टँक आहे, त्यांचं शुद्धीकरण केंद्र त्यांच्याच अंगणात आहे आणि ते लहान आहे. बाटलीभर ब्लीच किंवा प्रतिजैविकांच्या गोळ्या तिथल्या जिवाणूंना थेट लागतात, आणि चरबीचा थर वाढला तर तो पुढे पाणी जिरवणाऱ्या जमिनीची छिद्रं बुजवतो. एकदा ती बुजली की टाकी उपसून भागत नाही. दुसरं, अंगणातल्या किंवा रस्त्यावरच्या जाळीतून पावसाचं पाणी जातं ते बऱ्याच ठिकाणी कुठल्याही केंद्रातून न जाता थेट ओढ्यात, नदीत पडतं. घरातला पाईप खराब होऊ नये म्हणून रंगाची बादली बाहेरच्या जाळीवर धुणारे सज्जन लोक नकळत जास्त नुकसान करतात.

आता तुंबलेलं मोकळं कसं करायचं. खायचा सोडा आणि व्हिनेगरचा फेस पाहून बरं वाटतं, पण दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात आणि उरतं ते जवळजवळ साधं खारट पाणी. उकळतं पाणी प्लास्टिकच्या पाईपात ओतू नका, साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास ते पाईप मऊ पडतात आणि सांधे सैल होतात. कॉस्टिक सोड्याची पावडर चरबी कापते हे खरं. पण पाणी पूर्ण थांबलेलं असताना ती टाकली तर ती तिथेच बसते, तापते, अर्धवट झालेला साबण घट्ट होतो आणि नंतर पाईप उघडणाऱ्याच्या हातावर, डोळ्यांत उडते. त्यापेक्षा रबरी पंप वापरून बघा. नाही जमलं तर सिंकखाली बादली ठेवून ते वाकडं वळण हाताने उघडा. हे वळण १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळं बनवणाऱ्या कारागिराने पेटंटमध्ये नोंदवलं, त्यात अडून राहणारं थोडंसं पाणी गटारातला वायू घरात येऊ देत नाही. घाण तिथे बसते ही त्याची उणीव, पण म्हणूनच ते उघडता येईल असं केलेलं असतं. न वापरलेल्या मोरीला वास येत असेल तर बहुधा वळणातलं पाणी आटलेलं असतं, तांब्याभर पाणी ओतलं की वास जातो.

आणि शेवटी खालचे शेजारी. फक्त तुमचं सिंक तुंबत असतं तर अडथळा तुमच्या वळणात असता. पण त्यांच्याकडे उलटं पाणी येतंय, म्हणजे अडथळा बहुधा सामाईक उभ्या पाईपात किंवा खालच्या चेंबरमध्ये आहे, आणि त्या पाईपात वरच्या प्रत्येक घराचं पाणी येतं. सगळ्यांत खालच्या मजल्याला त्रास आधी होतो, पण अडथळा कोणाच्या घरातून आला हे त्यावरून ठरत नाही. फ्लश केल्यावर बेसिनमधून गुडगुड आवाज येतो का ते पाहा, येत असेल तर हा अंदाज आणखी पक्का. त्यांच्याशी "आमचं नाही" असं भांडण्याऐवजी सामाईक पाईप मशिनने साफ करून घेण्याचा प्रस्ताव तुम्हीच मांडा, आणि ते काम दिरांकडे द्या. पाईपातून काय निघतं ते त्यांनी स्वतः पाहिलं की बाटल्यांवरून वाद घालायची वेळ पुन्हा येणार नाही, असा माझा अंदाज आहे. प्लंबर येईपर्यंत वरच्या सगळ्या घरांनी पाणी कमी सोडायला हवं, निरोप तसा द्या. आणि या काळात कोणी सिंकमध्ये पावडर किंवा अ‍ॅसिड टाकलं असेल तर प्लंबरने पाईपाला हात लावण्याआधी त्याला ते सांगा.